ठमाबायचा गळा

माझ्या दुकानात येऊन कुणी औषधाचं नाव चुकीचं घेतलं की माझ्या कपाळाला आठी पडते. पनवेलच्या मच्छी मार्केटपासून चार पावलांवर माझं मेडिकल आहे, तेव्हा रोज पन्नासदा आठी पडायची सोय आपोआप झालेली. ठमाबायने ती संधी मला कधी दिली नाही. ती औषधाचं नावच घ्यायची नाही. रिकामी पट्टी काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, "भावा, ही दे. हातांची."

पहिल्यांदा आली तेव्हा तिने दोन्ही तळवे काउंटरच्या काचेवर घट्ट दाबून धरले होते. हात हलू नयेत म्हणून. हात थांबले, पण काच थरथरायला लागली आणि काचेवरची खोकल्याच्या गोळ्यांची बरणी बारीक वाजायला लागली. तिने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या बरनीला थंडी वाजली वाटतं," ती म्हणाली.

मी हसलो नाही. गिऱ्हाइकाच्या आजाराला हसायचं नाही, ही माझी शिस्त. ती पायरी उतरून गेल्यावर मात्र एकटाच हसलो.

तेव्हा ती साठीच्या अलीकडे असेल. गव्हाणची. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट कासोट्याचं, अंबाड्यात अबोलीची फुलं, आणि चेहरा असा की कुणाला वाटावं ही बाई आता रागावणार; रागावायची मात्र क्वचितच. कंपवाताने माणसाचा चेहरा गोठतो, हे मला माहीत होतं. पण ठमाबायची थट्टा त्या गोठलेल्या चेहऱ्याने जास्तच भारी व्हायची, कारण ती थट्टा करते आहे हे समोरच्याला अर्ध्या मिनिटाने कळायचं. तिच्या बोलण्यात 'तुम्ही' नव्हतंच. मी 'तू', तिचा मुलगा 'तू', पुढे मुंबईचे मोठे डॉक्टर आले तेही 'तू'. मी तिला अहो-जाहो करायचो, तर ती मागे वळून बघायची, आणखी कुणी आलंय की काय म्हणून.

ती कोण, हे मला कळायला सहा महिने लागले. एका दुपारी काळा चष्मा, गळ्यात जाड साखळी, असा एक तरुण बाम घ्यायला आला. ठमाबाय काउंटरपाशी उभी होती. त्याने चष्मा काढला, चपला काढल्या आणि माझ्या दुकानाच्या पायरीवरच वाकून तिच्या पाया पडला.

"माजं लगीन हिनंच लावलंय," तो मला म्हणाला.

"लग्न भटजी लावतात," मी म्हणालो. मला दुरुस्त करायची खोड आहे.

"भटजी मागना येतो, भाऊ. आधी धवलारीण."

धवलारीण म्हणजे आमच्या भागातल्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. धवले ही गाणी खरी, पण नुसती गाणी नव्हेत. तांदूळ कांडण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा. देवांना, वेशीवरच्या आईला, घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाला बोलवायचं ते तिनेच, एकेकाचं नाव घेऊन. पाटाभोवती तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा तोही तिनेच. आणि एकदा धवला सुरू केला की पुरा होईपर्यंत थांबायचं नाही. मध्येच सोडला तर बोलावलेले देव अर्ध्या वाटेत उभे राहतात, असं ती मानायची. ठमाबायला हे सगळं तोंडपाठ होतं. लिहिलेलं अक्षरही नव्हतं, कारण तिला लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्या कुणी लिहून घेतलं नव्हतं.

कंपवाताची गोळी वेळेवर पोटात गेली तर माणूस बऱ्यापैकी चालताबोलता राहतो. तिचा अंमल उतरला की अंगाचं लाकूड होतं. हे सगळीकडे सारखंच. पण ठमाबायच्या बाबतीत काही ताळमेळ लागेना. तेव्हा ती मासळीच्या वारी पनवेलला चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकायला यायची. एका बुधवारी सकाळी अकराला ती टोपली घेऊन ताठ चालत आली. दोन दिवसांनी शुक्रवारी, त्याच अकराला, तिच्या मुलाने तिला अक्षरशः उचलून माझी पायरी चढवली. धर्मा त्याचं नाव. बंदरात क्रेन चालवायचा.

"भाऊ, गोळ्या बरोबर हायत ना?" त्याने दबकत विचारलं.

माझ्या मालावर संशय! मी कागद-पेन घेतलं आणि पोलिसाच्या थाटात चौकशी सुरू केली. गोळी किती वेळा? चार. कशा घेता? "सा तासांनी." मग बरोबर आहे. किती वाजता?

"वाजता कशाला?" ठमाबाय म्हणाली. "पानी भरलं का एक, पानी उतरलं का एक."

माझं पेन तसंच राहिलं. तिचं घर खाडीच्या बांधाला लागून. डॉक्टरने सहा-सहा तासांनी सांगितलं, आणि जन्मभर चिखलात चिंबोऱ्या धरणाऱ्या त्या बाईने सहा तास म्हणजे भरती-ओहोटी हे इतकं सरळ धरलं होतं की घड्याळ बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. पण भरती रोज पाऊणएक तास उशिरा येते. तिच्याबरोबर गोळीही सरकत होती, आणि गोळीबरोबर ठमाबाय. मध्यरात्री पाणी भरलं तर ती मध्यरात्री उठून गोळी घ्यायची.

मी तिला समजावून सांगितलं. भरती रोज उशिरा येते वगैरे.

"हे मना सांगतोस?" ती म्हणाली.

"गोळीला चंद्राशी काही देणंघेणं नाही, ठमाबाय. घड्याळ लावा."

"चंद्र कवा चुकला नाय. तुज्या घड्यालाचा सेल संपतो."

शेवटी धर्माने तिला मोबाइलमध्ये चार गजर लावून दिले. ती गजर ऐकून गोळी घ्यायची, पण आधी बांधावर जाऊन पाणी बघायची आणि मान हलवायची, घड्याळवाल्यांची कीव केल्यासारखी. ही गोष्ट मी पुढे पुष्कळांना हसत हसत सांगितली. खरं म्हणजे चूक आमची होती. सहा तास असं मोघम सांगून आम्ही मोकळे झालो होतो.

गजराने तीनचार वर्षं बरी गेली. मग गोळीचा अंमल कमी टिकायला लागला. पाय अडायला लागला. सपाट जमिनीवर चालेल, पण उंबरठा आला की पाऊल जमिनीला खिळल्यासारखं. त्यावर तिचा स्वतःचा उपाय होता. ती उभ्या जागी धवल्याचा ठेका तोंडातल्या तोंडात धरायची आणि ठेक्यावर पाऊल उचलायची. माझ्या दुकानाची पायरीही ती अशीच चढायची. आधी बाहेरून गुणगुण ऐकू यायची, मग ठमाबाय.

उलव्याला तिच्या पुतण्याचं लग्न होतं तेव्हा धर्मा मला आग्रहाने घेऊन गेला. उलवे तेव्हा नुसतं उकरून ठेवलेलं. जिकडे तिकडे पाया, सळ्या, सिमेंटची धूळ, आणि अर्ध्या उभ्या इमारतींच्या मधोमध तो मांडव. तिथे मी तिचा गळा पहिल्यांदा ऐकला. गोड नव्हता. खडा, जरा खालचा, धार असलेला आवाज, आणि घाई कशी ती नाही. बाजूला पोरं मोबाइलवर बोलत होती, आचारी ओरडत होता, तरी तो आवाज सगळ्यांच्या खालून वाट काढत यायचा आणि माणसं नकळत गप्प व्हायची. मी गाण्यातला जाणकार नाही. पण माझ्या अंगावर काटा आला, हे खरं आहे.

मग चौक भरायची वेळ आली. ठमाबाय पाटापाशी बसली, चिमटीत पीठ घेतलं, आणि चिमूट हलली. रेघ दातेरी आली. तिने ती पुसली. दुसऱ्यांदा काढली, पुसली. तिसऱ्यांदा पिठाची वाटीच लवंडली. म्हाताऱ्या बायका दुसरीकडे बघायला लागल्या. एक नवी सून, चांगल्या मनानेच, म्हणाली, "मावशी, माज्याकडं रांगोळीचा छापा हाय. देऊ?"

ठमाबाय मागे सरकून बसली. छाप्याने चौक झाला, दोन मिनिटांत, अगदी सारखा. तिने त्याच्यावर पुढचा धवला म्हटला, एकही नाव न चुकता. येताना रिक्षात ती हात पदराखाली घेऊन बसली होती.

त्यानंतर वर्षभराने मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला नेलं. कागद इंग्रजीत असतात म्हणून धर्माने मला बरोबर घेतलं. डॉक्टर शांत होते. त्यांनी मेंदूचं चित्र काढून दाखवलं. डोक्याला दोन बाजूंनी बारीक भोकं पाडायची, केसासारख्या तारा आत खोल सोडायच्या, छातीत कातडीखाली बॅटरी बसवायची. तारांतून हलका विजेचा प्रवाह सतत चालू राहील. आजार बरा होणार नाही, पण हातांचा कंप, अंगाचा ताठरपणा पुष्कळ कमी होईल, गोळ्याही उतरतील.

"गला ऱ्हाईल?" ठमाबायने विचारलं.

डॉक्टरांनी लगेच उत्तर दिलं नाही, म्हणून मला ते आवडले. ती काय करते, हे त्यांनी धर्माकडून समजून घेतलं. मग म्हणाले, "आजी, खरं सांगतो. हातापायांचं मी बऱ्यापैकी छातीठोक सांगू शकतो. आवाजाचं नाही. काहींचा आवाज बारीक होतो, जीभ जड होते. तुमचा होईलच असं नाही. होणार नाही असंही नाही."

"म्हंजे हात घ्यायचे तर गला द्यायला लागंल."

"कदाचित."

तिने आठ दिवस मागून घेतले. धर्माला ऑपरेशन हवं होतं. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. त्या मांडवातला आवाज माझ्या कानात होता. पण मी मांडवात चार तास बसून ऐकणारा माणूस. तिचं अंग मला दिसत नव्हतं. नवव्या दिवशी ती आली आणि काउंटरला रेलून म्हणाली, "भावा, मना कूस बदलता येत नाय. मुंगी चावली तरी सुनेला हाक मारतंय. सुगंधा दिवसभर राबते, तिला कितींदा उठवू?" मी नवी पट्टी काढून दिली. "करून टाकतंय," ती म्हणाली. "गल्याचं मी बघतंय."

ऑपरेशन माणसाला जागं ठेवून करतात. डोकं लोखंडी चौकटीत पक्कं बसवलेलं, गोळी बंद केलेली, त्यामुळे हातपाय मोकाट थरथरत असतात, आणि तार आत सरकवताना डॉक्टर बोलायला लावतात, हात हलवायला लावतात. मी आणि धर्मा बाहेर बाकावर होतो. आत काय झालं ते तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने आम्हाला सांगितलं, आणि पुढे ठमाबायने पंधरावीसदा.

डॉक्टरांनी प्रवाह सुरू करून पाहिला. हात थांबला. "आजी, आता बोला. आठवड्याचे वार म्हणा." ठमाबायने सोमवार म्हटला, मंगळवार म्हटला, आणि तिला वाटलं, वारांनी गळ्याची काय परीक्षा होणार? तिने सरळ देव बोलवायचा धवला लावला. डॉक्टर खूश झाले. आवाज स्पष्ट होता. मग त्यांना तार जरा पुढे सरकवून बघायची होती. त्यांनी "बस, आजी, थांबा" म्हटलं.

आजी थांबेना. देव निघाले होते.

"आजी, थांबावं लागेल."

तिने गाता गाताच डाव्या हाताचा पंजा वर करून त्यांना थांबायची खूण केली. तो पंजा हवेत अगदी स्थिर होता. डॉक्टरीण म्हणाली, "आम्ही सगळे त्या पंजाकडेच बघत राहिलो. सर म्हणाले, ठीक आहे, होऊ द्या." धवला लांबलचक होता. सगळे हातमोजे घातलेले हात पुढे धरून उभे राहिले. शेवटाला तिने डॉक्टरांचं नाव विचारलं आणि त्यांनाही लग्नाच्या पाहुण्यांत घालून टाकलं, बायकोसकट.

"आता कर तुला काय करायचं ते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुढची तार तिला गायला लावूनच बसवली, असं डॉक्टरीण सांगत होती. गळा जितका वाचवता येईल तितका वाचवायचा त्यांनी खरोखर प्रयत्न केला.

महिन्याभराने बॅटरीचा प्रवाह जुळवायला सुरुवात झाली. केस पुरते आले नव्हते, म्हणून डोक्याला रुमाल आणि रुमालावर अबोली, अशी ठमाबाय माझ्या दुकानात आली. गुणगुण न करता पायरी चढली. काउंटरवर हात ठेवले. मी बरणीकडे पाहिलं, तिनेही पाहिलं. मग तिने माझ्या टेबलावरची बोरिक पावडर मागून घेतली आणि काचेवर, त्या गर्दीच्या वेळी, चिमटीने चौक भरला. चार कोपरे, मधली वेल, सगळं एका हाताने, एकदाही न पुसता. गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि मी चष्मा पुसत होतो.

"छान," मी म्हणालो.

ती काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी कान पुढे केला. तिने पुन्हा सांगितलं, आणि मला कळलं की ती नीटच बोलते आहे, पण शब्द एकमेकांना चिकटून येताहेत, तोंडात घास असल्यासारखे. आवाज अर्ध्यावर आला होता. हातांना लागणारा प्रवाह जिभेला सोसत नव्हता.

तीनचार फेऱ्या झाल्यावर मुंबईच्या मशीनवाल्या मॅडमनी तोड काढली. बॅटरीत दोन नंबर भरून दिले. एक नंबर हातांचा: हात सरळ, पाय मोकळे, बोलणं जड. दोन नंबर गळ्याचा: प्रवाह कमी, आवाज साफ, पण हात पुन्हा थरथरणार, चालणं अवघड. हातात मावेल असा एक रिमोट दिला. बटण दाबून नंबर बदलायचा, हवं तर मशीन बंद-चालू करायचं. कोणत्या वेळी कोणता, ते तिचं तिने ठरवायचं.

ठमाबायने ते यंत्र पानाच्या बटव्यात ठेवलं आणि धवलारणीचा धंदा पुन्हा सुरू केला. पद्धत अशी: मांडवात एक नंबरवर जायचं. चौक भरायचा, हळद वाटायची, दिवे लावायचे. मग बटव्यात हात घालून बटण दाबायचं, पान जमवून खायला लागतो तितका वेळ गप्प बसायचं, आणि गळा मोकळा झाला की धवला सुरू. हात थरथरायला लागायचे, ते ती मांडीखाली दाबून बसायची. नव्या पोरींना वाटायचं, बाय देवाचं ध्यान करते.

"आदी हात, मग गला," ती मला म्हणाली. "दोगी सवतींची भांडनं लावून देत नाय मी. एकीला झोपवते न दुसरीला उठवते."

एका लग्नात मात्र घोटाळा झाला. हळदीला डीजे आणला होता, मांडवाच्या तोंडाशीच, माणसाएवढे भोंगे एकावर एक रचलेले. ठमाबाय त्यांना घासून आत शिरायला गेली आणि तिथेच थिजली. हात थरथरायला लागले, पाय अडला, बटण दाबायला बोट हलेना. त्या भोंग्यांतल्या लोहचुंबकाने छातीतलं मशीन बंद पडलं होतं. धर्माने धावत येऊन रिमोटने चालू केलं. मॅडमनी याबद्दल आधीच बजावलं होतं, पण मांडवात डीजे असू नये, असं आजच्या दिवसात सांगणार कुणाला?

त्या दिवसापासून ठमाबायने अट घातली. तिचं बोलावणं असेल तर भोंगे मांडवापासून वीस पावलं लांब, आणि धवला चालू असेपर्यंत बंद. मुलं मुकाट्याने ऐकायची. मशीनचं काही बरंवाईट झालं तर, या भीतीने.

"इतकी वरसं बोलत व्हते, धवल्याला बाजा बंद करा. देवासाठी कोन थांबला नाय," ती म्हणाली. "मशीनसाठी थांबले." चेहरा तसाच गंभीर. अर्ध्या मिनिटाने मी हसलो. धवला संपल्यावर भोंगे लांबून आरडाओरडा करत असले तरी तिला चालायचं, हेही तिने सांगितलं. तिचं भांडण फक्त धवल्यापुरतं होतं.

पण मशीन आजार थांबवत नाही. चारपाच वर्षांत दोन नंबरवर गळा पुरता साफ होईना. मॅडमनी आकडे खालीवर करून पाहिले. एकीला झोपवलं तरी दुसरी उठेना झाली. ठमाबायने लग्नं घेणं बंद केलं. गावात आणखी कुणाला धवले पुरे येत नव्हते. बोलावायला आलेल्यांना ती सांगायची, छापा वापरा, धवले मोबाइलवर लावा. हे सांगताना तिला वाईट वाटायचं, आणि मला तिच्यापेक्षा जास्त राग यायचा. कुणावर, ते सांगता येणार नाही.

सून सुगंधा गेली दोन वर्षं तिच्याजवळ बसून धवले लिहून घेत होती. सुगंधाचा सूर बेताचा. ठमाबाय एरवी सुनेला फुलासारखी जपायची, पण गाण्याला बसली की निर्दय. "ह्यो देव हाय का घासलेटवाला? अशी हाक मारतात?" पण शिकवत राहिली. फक्त देव बोलवायचा मोठा धवला तिने द्यायचा ठेवला होता. तो सांगायला बसली की जीभ अडायची, नावं एकमेकांत गुंतायची, आणि अर्ध्यावर सोडायचा नाही म्हणून ती सुरूच करायची नाही. धर्माच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न ठरलं तेव्हा हाच एक घोर घरात होता. लग्न थांबणार नव्हतं. पण ठमाबायच्या मते त्या धवल्याशिवाय ते लागणारही नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी गव्हाणला गेलो. मांडवात ठमाबाय खुर्चीत होती, खूप बारीक झालेली, अंबाड्यात फुलं. पायाशी सुगंधा वही घेऊन बसलेली. चौक भरून झाला होता. तो तिनेच भरला होता, एक नंबरवर, अजूनही सरळ रेघेत. मला बघून तिने जवळ बोलावलं आणि बटव्यातून रिमोट काढून माझ्या हातात दिला. धर्मा शेजारीच उभा होता. त्याच्याकडे न देता माझ्याकडे दिला.

काय म्हणते ते मला नीट कळेना, म्हणून सुगंधाने सांगितलं. "मशीन पुरं बंद करा बोलतात. धवला संपला का चालू करा. संपायच्या आदी नाय. धर्मा पोरगा हाय, त्याच्याच्यानं बघवनार नाय, तो मदीच दाबंल. तुमी कडक हाव."

मी कडक नाही. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मशीन एकदम बंद केलं की प्रवाहाने जड झालेली जीभ सुटते, पण अंग बेफाम होतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, थोडा वेळ चालेल, पण जवळ थांबा, गिळायला काही देऊ नका, आणि फार ताणू नका. मी ठमाबायला विचारलं, "किती वेळ लागेल?" तिने सुगंधाच्या वहीकडे बोट केलं. धवला जितका आहे तितका.

मी बटण दाबलं.

आधी उजवा हात सुटला, मग डावा, मग हनुवटी. खुर्ची वाजायला लागली. मान एका बाजूला ओढली गेली. धर्मा पुढे आला आणि मी त्याला हाताने अडवलं. मग दोनतीन मिनिटांनी त्या हलणाऱ्या, वाकड्या झालेल्या अंगातून आवाज आला. खडा, खालचा, धारेचा, उलव्याच्या मांडवात ऐकलेला. फार मोठा नाही, पण एकेक अक्षर सुटं. गणपती आला. वेशीवरची आई आली. खाडी आली, बंदर आलं, मिठागरं आली. सुगंधाचं पेन धावत होतं. ठमाबाय प्रत्येक नावानंतर जरा थांबायची. दम घेते आहे असं मला आधी वाटलं. मग कळलं, सुनेचं लिहून होण्याची वाट बघते आहे.

कपाळावरून घाम तिच्या डोळ्यांत उतरत होता. तो पुसायला तिचा हात वर येत नव्हता. माझा अंगठा बटणावर होता. दाबावं, आत्ताच दाबावं, असं मला प्रत्येक ओळीला वाटत होतं, आणि मी दाबलं असतं तर तिने मला कधी क्षमा केली नसती. घरातली गेलेली माणसं सुरू झाली. सासरा, सासू, दीर, तिचा नवरा. एकेकाला हाक मारून तिने मांडवात आणून बसवलं. शेवटची ओळ तिने दोनदा म्हटली, सुगंधाकडे बघत. सुगंधाने ती तिच्या मागोमाग म्हणून दाखवली, आपल्या बेताच्या सुरात, आणि वही मिटली. ठमाबायने माझ्याकडे बघून पापण्या मिटल्या.

मी बटण दाबलं. हनुवटी थांबली. मग डावा हात, मग उजवा. खुर्ची वाजायची थांबली. तिने त्या स्थिर झालेल्या हाताने स्वतःचा घाम पुसला, वाटीतली हळद घेतली आणि नातीच्या गालाला लावली.

मग ती माझ्याकडे वळून बोलली. लांब काहीतरी बोलली, तीनचार वाक्यं असतील. मी खाली वाकलो, कान तिच्या तोंडाजवळ नेला. सुगंधा प्रणालीला घेऊन आत गेली होती, सांगणारं कुणी नव्हतं. शब्द चिकटलेले, ओले, एकही सुटा नाही. ती माझा हात धरून, माझ्या डोळ्यांत बघून बोलत होती. ते ऐकायचं तर बटण पुन्हा दाबावं लागलं असतं. रिमोट अजून माझ्याच हातात होता. तिनेही त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलकेच पुढे केली, दाब म्हणाल्यासारखी.

मी दाबलं नाही. यंत्र तिच्या बटव्यात ठेवलं, बटव्याची नाडी ओढली आणि मोठ्याने म्हणालो, "हो, ठमाबाय. कळलं." तिने अर्धा मिनिट माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातावर थोपटलं.